नव्या ट्रक ड्रायव्हरचं मेडिकल: त्यात काय बघतात आणि काय बघायला हवं

कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा, पहिली तक्रार ठरलेली: ड्रायव्हर मिळत नाही. गाड्या उभ्या, बँकेचे हप्ते चालू. आणि त्याच ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर दोन-तीन पोरं लायसन्स हातात धरून बसलेली असतात, कोणी बीड-नगरकडचं, कोणी जौनपूरचं. मालक आणि ही पोरं यांच्यामध्ये अडकलेला असतो एक कागद, मेडिकलचा. मालकाला तो आज संध्याकाळपर्यंत हवा असतो, पोराला त्यावर 'फिट' लिहिलेलं हवं असतं. आत नेमकं काय तपासलं, याच्याशी दोघांनाही फारसं देणंघेणं नसतं.

पनवेल ते तुर्भे या पट्ट्यात मी ड्रायव्हर लोकांची तपासणी करतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. मालकांनीही वाचावं, ड्रायव्हरांनीही.

मेडिकल खरं तर दोनदा व्हायला हवं. एक आरटीओसाठी, ते कायद्याने सक्तीचं. दुसरं नोकरीवर ठेवताना कंपनीने करायचं, ते बहुतेक ठिकाणी मालकाच्या मर्जीवर. गोंधळ असा की पहिलं झालं की दुसऱ्याची गरज नाही असं सगळे धरून चालतात. पण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला जे आजार ऐनवेळी दगा देतात, त्यातले बरेच पहिल्या तपासणीत थेट बघितलेच जात नाहीत.

आरटीओचा कागद काय सांगतो

मोटर वाहन कायदा १९८८ चा. त्याप्रमाणे मालवाहू गाडी, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'ट्रान्सपोर्ट व्हेईकल', चालवायला वय किमान २० लागतं. शिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. म्हणजे अठराव्या वर्षी कारचं लायसन्स काढलेला मुलगा लगेच दहा टायरवर बसू शकत नाही. पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. माझ्या मते बरं झालं. गाडी उत्तम मारणारी कितीतरी माणसं त्या एका अटीपायी खोटा दाखला शोधत फिरायची.

कागद दोन. फॉर्म १ म्हणजे आपलं आपण लिहून द्यायचं: मला फिट (आकडी) येत नाही, अचानक चक्कर किंवा बेशुद्धी येत नाही, रातांधळेपणा नाही, लाल-हिरवा ओळखता येतो, हात-पाय शाबूत आहेत. आणि फॉर्म १-अ, ज्याला सगळे 'वन-ए' म्हणतात, तो नोंदणीकृत डॉक्टरने तपासून भरायचा. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला वन-ए लागतोच. साध्या गाडीला मात्र तो चाळिशीनंतर लागतो, त्याआधी स्वतःची सही पुरते.

इथे एक फट आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स असलेला माणूस एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. छोट्या टेम्पोवाल्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला, अपघातानंतर विमा कंपन्या घालत होत्या ते वादही मिटले. पण याचाच अर्थ असा की वाशीच्या एपीएमसीतून पहाटे भाजी भरून निघणारा पस्तिशीतला टेम्पोवाला एकाही डॉक्टरच्या समोर न बसता आयुष्यभर धंदा करत आलेला असू शकतो. त्याची नजर कुणी पाहिलेली नाही, बीपी कुणी मोजलेलं नाही. तुमच्याकडे असे टेम्पो असतील तर तपासणीची जबाबदारी नकळत तुमच्यावर आली आहे.

वन-एमध्ये नजरेची अट अशी: लख्ख उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, चष्मा असेल तर चष्म्यासकट. चष्म्यासकट, हे दोनदा वाचा. चष्मा लागला म्हणजे लायसन्स गेलं, ही भीती निराधार आहे आणि या भीतीपायी चष्मा खिशात ठेवून ट्रेलर हाणणारी माणसं मी रोज बघतो. अट तशी सैलही आहे, ६/६ नजर नसली तरी प्लेट वाचता येते. आता हिशेब करा. ताशी ६० च्या वेगाने गाडी २५ मीटर अंतर दीड सेकंदात कापते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. भरलेला ट्रेलर त्यानंतर थांबायला लागतो. म्हणजे अट पुरी केली की काम झालं असं नाही, ती फक्त सुरुवात आहे.

रंगांचं पूर्वी कडक होतं. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचता आला नाही की संपलं. जून २०२० मध्ये नियम बदलला. आता सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स मिळू शकतं, तीव्र असेल तरच अडतं. नोकरीवर घेताना कंपनी याहून कडक राहू शकते, पण 'कायद्यातच बसत नाही' असं सांगून कोणी परत पाठवलं तर ते अर्धसत्य आहे.

फिट येण्याचा आजार मात्र आपल्याकडे सरळ अडतो. गोळ्यांवर कित्येक वर्षं फिट न आलेल्या माणसालाही फॉर्मवर 'हो' लिहून पुढे जाता येत नाही, आणि खोटं 'नाही' लिहिलं तर अपघातानंतर तो कागद त्याच्याच विरुद्ध उभा राहतो. यावर तज्ज्ञांमध्ये बरेच मतभेद आहेत, पण ट्रकपुरतं बोलायचं तर मी कायद्याच्या बाजूने आहे.

तळोज्याच्या एमआयडीसीतून केमिकलचे टँकर निघतात, त्यांच्या ड्रायव्हरला आणखी एक पायरी आहे. घातक माल नेणाऱ्याला ट्रान्सपोर्ट लायसन्सशिवाय तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. आठवीची अट गेली तरी ही राहिली आहे, कारण टँकरवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही तर गळतीच्या वेळी अग्निशमनवाल्यांना सांगणार काय? साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स आता पाच वर्षांसाठी मिळतं, घातक मालाचं तीन वर्षांसाठी.

पाच वर्षं म्हणजे किती? तिशीतल्या माणसाची साखर त्या अवधीत नॉर्मलवरून तीनशेवर जाऊ शकते आणि लायसन्सवरची तारीख जागची हलत नाही. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं. रक्तदाब १४० बाय ९० च्या वर गेला की मुदत एका वर्षावर येते, आणि १८० बाय ११० असेल तर तो खाली येईपर्यंत गाडीवर बसू देत नाहीत. त्यांचं सगळंच आपल्याला झेपेल असं नाही, पण 'आकडा वाढला की मुदत कमी' हा हिशेब कुठल्याही मालकाला उद्यापासून वापरता येईल.

कंपनीने काय बघावं

डोळ्यांपासून सुरू करू, कारण सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी तपासणी तीच. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे. दोन्ही उघडे ठेवून तक्ता वाचायला लावला की एक डोळा दुसऱ्याचं झाकतो. आमच्याकडे बाकडं तक्त्याच्या समोरच होतं, त्यामुळे नंबर येईपर्यंत सगळी ओळ तोंडपाठ. एकाने तर उजवा डोळा झाकल्यावर तक्त्याकडे न बघता, माझ्याकडे बघत शेवटची ओळ म्हणून दाखवली. आता तक्ता आत आहे आणि दोन प्रकारचे आहेत. तक्त्यानंतर मी बाजूचं दिसतं का ते पाहतो: नाकासमोर बघायला सांगून कडेने बोटं हलवतो. भिवंडीच्या गोडाऊनच्या गल्लीत डावीकडून घुसणारी मोटरसायकल ६/६ नजरेने दिसत नाही, ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. पन्नाशीच्या आसपास मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिवसा तक्ता नीट वाचणारा माणूस रात्री समोरच्या हेडलाइटने आंधळा होतो. म्हणून विचारायचं: रात्री समोरून गाडी आली की किती वेळ काही दिसत नाही? या एका प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात, कारण त्यांना वाटतं तक्रार समोरच्याच्या अप्पर-डिप्परची चाललीय.

रक्तदाब आणि साखर यावर सगळीकडे लिहून येतं, म्हणून थोडक्यात. बीपी पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा मोजावं. धावत-पळत आलेल्या, आत्ताच दोन बिड्या ओढून आलेल्या माणसाचं एकदाच मोजून त्याला 'हाय बीपी' ठरवू नये. साखरेसाठी उपाशीपोटीच्या रक्तापेक्षा मी एचबीए१सी पसंत करतो. ती मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड बंद करून कोणी वाचत नाही. ६.५ टक्के किंवा त्यावर म्हणजे मधुमेह.

पण मधुमेह आहे म्हणून काढून टाकणं हा मूर्खपणा आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत खरा धोका साखर वाढण्यापेक्षा ती अचानक उतरण्याचा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली, आणि पोर्टच्या रांगेत जेवणाची वेळ टळून गेली, की साखर ७० च्या खाली येते: घाम, थरथर, मग डोकं चालेनासं होतं. बाहेरून बघणाऱ्याला तो प्यायलाय असंच वाटतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी. म्हणून 'शुगर आहे का' एवढं विचारून थांबू नये, 'कुठली गोळी चालू आहे' हे विचारावं आणि स्ट्रिप बघावी. अशा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ग्लुकोजची पुडी असलीच पाहिजे. साखर उतरली तर गाडी कडेला, पुडी तोंडात, वर काहीतरी पोटभरीचं. बरं वाटलं की लगेच स्टार्टर मारायचा नाही, डोकं ताळ्यावर यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

झोपेचं प्रकरण

हा भाग लांबणार आहे, कारण याच्याकडे कोणी बघत नाही.

न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारी गाडी बहुधा कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास करून ठाण्यातून घोडबंदरला लागते. ठाण्यात दिवसा ठरावीक वेळी अवजड वाहनांना बंदी. त्यामुळे ड्रायव्हर दिवसभर कुठेतरी उन्हात रांगेत, आणि नो-एंट्री उठली की रात्रभर स्टिअरिंगवर. दिवसा केबिनमध्ये झोपतो म्हणतात, पण तापलेल्या पत्र्याखाली कसली झोप लागते? (१ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय, ते आपण रोज बघतोच.) पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर तसंही झोप मागत असतं. १९९७ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात असं आढळलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्यासारखा वागतो. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, जागरणाने टल्ली झालेल्या ड्रायव्हरला नाकाबंदीवरचं मशीन सोडून देतं.

हे झालं वेळेवर झोपायला न मिळणाऱ्याचं. दुसरा प्रकार त्याहून फसवा: झोपायला मिळतं, पण झोप होत नाही. त्याचं नाव स्लीप अॅप्निया.

घोरणाऱ्याला गाढ झोप लागलीय असं आपण समजतो. होतं उलटं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते म्हणून आवाज येतो. काही जणांची ती पूर्णच बंद होते. श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, माणूस हुंदका दिल्यासारखा श्वास ओढतो आणि परत घोरायला लागतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला पाचपेक्षा जास्त वेळा होत असेल तर दखल घ्यायची, तीसच्या वर असेल तर तो तीव्र आजार. अशा माणसाने आठ तास पाठ टेकली तरी त्याला विश्रांती मिळालेली नसते. उठल्यावर डोकं जड, दुपारी झापड. आणि स्टिअरिंगवर येते ती दोन-तीन सेकंदांची डुलकी, डोळे उघडे असतानाच. एका ड्रायव्हरने मला सांगितलं होतं, "डोळा लागला नव्हता साहेब, मधला पूलच गेला. कधी चढलो, कधी उतरलो, काय माहीत नाही." ताशी ६० ला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर.

यावर अमेरिकेत चांगलं काम झालंय, आणि तेही नव्या भरतीवरच. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ७४४ नवख्या ट्रक ड्रायव्हरांची नोकरीला लागतानाची उंची-वजनं घेऊन पहिल्या दोन वर्षांतले त्यांचे अपघात पाहिले. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या वर होता, त्यांचं अपघातात सापडण्याचं प्रमाण नॉर्मल वजनाच्यांपेक्षा ४३ ते ५५ टक्के जास्त निघालं. (पाच फूट सात इंचाच्या माणसाचं वजन शंभरी ओलांडून किलोभर वर गेलं की बीएमआय ३५ होतो.) अभ्यास करणाऱ्यांच्या संशयाच्या यादीत अॅप्निया होता, थकवा होता आणि अवजड शरीराच्या मंद हालचालीही होत्या.

असा आकडा हातात आला की मालकाला वाटतं, सोपंय, जाड्यांना घेऊच नका. थांबा. २०१६ मध्ये दुसरा अभ्यास आला. त्यात एका मोठ्या ट्रक कंपनीने आपल्या ड्रायव्हरांना अॅप्नियाची तपासणी सक्तीची केली होती आणि उपचाराची सोयही करून दिली होती. झोपताना नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन, हा तो उपचार. ज्यांनी ते अजिबात वापरलं नाही, त्यांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट. ज्यांनी नेमाने वापरलं, त्यांचे आजार नसलेल्यांइतकेच. म्हणजे धोका वजनात नव्हता, उपचार न झालेल्या आजारात होता. आणि आपल्याकडे आणखी एक भानगड आहे: आशियाई माणसाच्या जबड्याच्या ठेवणीमुळे अंगाने फारसा जाड नसलेल्यालाही अॅप्निया होतो. वजनकाट्यावर माणसं गाळाल तर बरे ड्रायव्हर घालवाल आणि घोरणारा सडपातळ गडी आत घ्याल.

तपासायचं कसं? आठ प्रश्नांची एक ठरलेली यादी जगभर वापरतात: जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ वर आहे का, वय पन्नाशीपुढे आहे का, मान जाड आहे का, पुरुष आहात का. तीन 'हो' आले तर संशय, पाच किंवा जास्त आले तर झोपेची तपासणी करायलाच हवी. मानेला मी शिंप्याची टेप लावतो, १७ इंचाच्या वर गेली की खूण करतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ड्रायव्हरकडे नसतं, कारण तो झोपलेला असतो. बायको गावाला. म्हणून किन्नरला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनर पोराला, विचारायचं. "उस्ताद घोरतात का रे?" म्हटलं की पोरगं आधी हसतं, मग उस्तादाकडे बघतं, मग खरं सांगतं. एका किन्नरने सांगितलं की रात्री आवाज बंद झाला की त्याला जाग येते आणि तो उस्तादाचा पाय हलवतो. इतकी चांगली स्क्रीनिंग टेस्ट मी पुस्तकात वाचलेली नाही.

पुढची तपासणी आता घरीही होते, बोटाला आणि नाकाला सेन्सर लावून एक रात्र झोपायचं. अडचण सीपॅप मशीनच्या किमतीची आहे, ते स्वस्त नाही. केबिनमध्ये ते चालतं. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो. धुळीमुळे फिल्टर मात्र वरचेवर बदलावा लागतो. एका अपघातात जेवढे पैसे जातात त्यापुढे ही किंमत काहीच नाही, हे मालकाला पटवणं माझ्या कामाचा सर्वात अवघड भाग आहे.

नापास झाल्यावर काय, हे आधी ठरवा

आतापर्यंत सांगितलेलं सगळं एका गोष्टीवर अडतं. रिपोर्ट वाईट आला की नोकरी जाणार हे ड्रायव्हरला माहीत असेल, तर तो खरं सांगणार नाही. बीपीची गोळी त्या दिवशी दुप्पट खाऊन येईल, घोरणं नाकारेल, चष्म्याचा नंबर लपवेल. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं. घरी उचल फिटलेली नाही, पोरांची फी बाकी आहे. शंभर-दोनशे रुपयांत न बघता शिक्का मारणारे एजंट याच भीतीवर जगतात.

म्हणून कंपनीने भरतीच्या वेळीच तीन गठ्ठे स्पष्ट सांगावेत. पहिल्यात बहुतेक जण: फिट, उद्यापासून गाडीवर. दुसऱ्यात बीपी, साखर, चष्मा, अॅप्नियाचा संशय: हे लोक कामावर घ्यायचे, पण आकडा ताब्यात येईपर्यंत यार्डात, लोडिंगवर किंवा दिवसाच्या जवळच्या फेरीवर ठेवायचे, महिन्याभराने परत तपासायचं. तिसरा अगदी छोटा: फिट येणारे, नजर चष्म्यानेही न सुधारणारे, वारंवार बेशुद्ध पडणारे. त्यांना गाडी नाही, दुसरं काम असेल तर द्यावं. दुसरा गठ्ठा खरा आहे, तोंडदेखला नाही, हे एकदा चार ड्रायव्हरांना दिसलं की पाचवा स्वतःहून सांगतो.

पगार महिना २१,००० च्या आत असेल आणि कंपनीला ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू असेल तर या गोळ्यांचा खर्च मालकावर येतही नाही. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि इकडे वाशीला ईएसआयचं रुग्णालय आहे. बाकीच्यांना महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत तिशीनंतर बीपी-साखर फुकट तपासून मिळते. तपासायला जायचं तर गाडी लावायला जागा नाही ही सबब मी ऐकली आहे, आणि खरं सांगायचं तर ती सबब नाही, अडचणच आहे.

एक चाचणी मात्र मागायची नाही: एचआयव्ही. ट्रकवाले म्हणजे एचआयव्ही हे समीकरण लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय आणि काही फॉर्मवर अजून तो रकाना दिसतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं त्यात बेकायदा ठरवलंय. ड्रायव्हरने या रकान्यावर सरळ काट मारावी.

नशेचं विचारावं, पण दरडावून नाही. अफू आणि डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) घेणारे बहुतेक जण मजेसाठी घेत नाहीत, जागं राहायला आणि कंबरदुखी मारायला घेतात. दोन दिवसांचा रस्ता दीड दिवसात मागणाऱ्या शेठने तो प्रश्न आधी स्वतःला विचारावा. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानेच दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यातही दिवसाचे तास आठच. आणि ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ती साधी सर्दीची गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध. दोन्हींनी पेंग येते. मेडिकलवाल्याला "मी गाडी चालवतो, झोप येणार नाही असं द्या" एवढं वाक्य म्हणावं.

बाकी भरतीचं मालक लोकांना मी काय सांगणार. लायसन्स सरकारच्या सारथी पोर्टलवर टाकून पाहावं, नुसती झेरॉक्स नको. लायसन्स वैध नसेल तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तुमच्याकडून वसूल करते. ट्रायल रिकाम्या गाडीवर सकाळी दहाला घेण्यात अर्थ नाही. भरलेली गाडी, संध्याकाळचा उजेड आणि डॉकला रिव्हर्स, तेव्हा माणूस कळतो.

तपासणीला येताना

हे फक्त ड्रायव्हरांसाठी. रात्रपाळीवरून थेट येऊ नका. जागरणाने बीपी वाढलेलं दिसतं आणि नजरही मंदावते. रोजच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या, बंदही करू नका, जास्तही नको, आणि स्ट्रिपा सोबत आणा. तासभर आधी चहा, बिडी, तंबाखू बंद. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल आणि साखरेची गोळी चालू असेल, तर त्या सकाळी ती घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. चष्मा असेल तर डोळ्यावर लावूनच या. रिपोर्टची एक प्रत स्वतःसाठी मागून घ्या आणि लायसन्सच्या पाकिटातच ठेवा. पुढच्या मालकाकडे गेलात की मागच्या वर्षीचा आकडा दाखवता येतो, आणि सगळं पहिल्यापासून तपासायचा खर्च वाचतो. घोरत असाल तर किन्नरला सोबत आणा.